पिशव्या सांभाळणारा

मानवतच्या माणसाला गावाच्या नावावर विसंबून चालत नाही. मानवत रोड नावाचं स्टेशन मानवतात नाही. गाडीतून उतरलं की पुढं गावापर्यंत ऑटो नाहीतर जीप बघावी लागते. त्यामुळं नोकरीच्या निमित्तानं मी खोपोलीत येऊन राहिलो आणि पुढं इथलं जगप्रसिद्ध इमॅजिका हे करमणुकीचं उद्यान खोपोलीत नाहीच असं दिसलं, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. ते आहे पालीच्या रस्त्याला, सांगडेवाडीला. पण हे गावाकडं कुणाला सांगणार? एप्रिल 2013 मध्ये ते सुरू होईपर्यंत मी मानवतला गेलो की लोक विचारायचे, "खोपोली म्हंजी लोणावळ्याच्या खाली का?" मी हो म्हणायचो आणि विषय कापसाच्या भावाकडं वळायचा. आता मला बसायला खुर्ची मिळते. "घरातून दिसतं का वो ते?" असं विचारतात. माझ्या घरातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, पण लोकांचा हिरमोड करायचा माझा स्वभाव नाही.

मे महिना हा आमच्याकडचा पाहुण्यांचा हंगाम. मानवतच्या बाजूनं बघितलं तर तो अगदी बरोबर पडतो. कापूस विकून झालेला असतो, पेरणीला अवकाश असतो, पोरांच्या शाळा बंद असतात आणि परभणी जिल्ह्यात उन्हानं बाहेर पडायची सोय नसते. मग आक्का आणि दाजी पोराटोरांसह रेल्वेनं कल्याणला उतरतात, तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल धरतात. सोबत ज्वारी, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी असा शिधा असतो. तो हातात देतानाच आक्का पहिला प्रश्न टाकते, "अरे, इतकी वर्षं झाली, तू आत्तापतूर कितीदा गेलास तिथं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर असं की पाहुणे आले की जातो, एरवी नाही. आग्र्याच्या रिक्षावाल्याचा ताजमहालाशी जो संबंध, तोच माझा इमॅजिकाशी. मला त्याची दारं कुठं, गर्दी कोणत्या वारी कमी, पाळण्यात बसायच्या आधी काय खाऊ नये, हे सगळं पाठ आहे. पाळणा मात्र पाठ नाही. आत गेल्यावर माझं काम ठरलेलं असतं. प्रत्येक कुटुंबात पिशव्या सांभाळणारा एक माणूस लागतो. चष्मे, मोबाइल, पाकिटं, आक्काची पर्स, पोरांच्या टोप्या माझ्या मांडीवर येऊन पडतात आणि मंडळी रांगेत गडप होतात. मी सावलीतला बाक धरतो. या बाकावरून माणसं फार छान दिसतात. निट्रो नावाचा तिथला सर्वांत थोर रोलर कोस्टर सुमारे 40 मीटर उंच आहे. त्यात बसायला जाणारा माणूस आणि त्यातून उतरलेला माणूस यांच्यात जो फरक पडतो, तेवढा मी लग्नानंतरही कुणात बघितलेला नाही. जाताना मिशीला पीळ देणारे उतरताना शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून चालतात.

दाजी निट्रोत बसले नाहीत. "मौत का कुआं बघितलेल्या माणसानं असल्या गोष्टीत पडू नये," म्हणाले. सलीमगढ नावाच्या भुताटकीत आक्का रामरक्षा म्हणत गेली आणि भुतांना बोलू न देता परत आली. अलिबाबाच्या गुहेत मात्र दाजींनी कमाल केली. तिथं गाडीत बसून हातातल्या बंदुकीनं नेम धरायचा असतो. तुरीच्या रानातून रानडुकरं हाकलण्यात हयात गेलेला माणूस तो. पुण्यात शिकणाऱ्या लेकापेक्षा जास्त गुण मिळवून बाहेर आला. राजासॉरसच्या सफरीत चिंब होऊन आल्यावर त्यांनी विचारलं, "मेव्हणे, हे जनावर खरं होतं का ह्यांनी बनवलं?" मी म्हटलं, "खरं होतं. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात हाडं सापडली, 2003 साली शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं." त्यावर ते गंभीर झाले. "मग त्याला इथं कशाला आणलं? गोदावरीकाठी आणायचं. आमच्याकडं बघायला काय हाय?"

दाजींची ही जुनी दुखरी नस. 2022 पासून हे उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं आहे, आणि त्यांचंच साईतीर्थ नावाचं भक्तीचं थीम पार्क शिर्डीत आहे, हे मी त्यांना सांगायला नको होतं, असं आक्काचं मत. कारण पाथरी मानवतच्या शेजारी, आणि साईबाबांचा जन्म पाथरीचा अशी आमच्याकडं पक्की श्रद्धा. "जन्म आमच्यात आन् पाळणे त्यांच्यात!" दाजी म्हणाले. या जन्मस्थानाच्या वादावरून जानेवारी 2020 मध्ये शिर्डी बंद ठेवली होती. म्हणून मी विषय बदलला आणि सगळ्यांना आइस्क्रीम घेऊन दिलं.

तो बाक मला एवढ्यासाठी आवडतो की तिथून 'पैसे वसूल' या व्याधीचं निरीक्षण करता येतं. माणशी तिकीट हजारांत पडतं. त्यामुळं सकाळी आत शिरलेल्या कुटुंबप्रमुखाच्या डोक्यात एक वही उघडलेली असते. हे झालं, ते राहिलं, इथं पाऊण तास गेला, तो भरून काढायचा. दुपारी तीनच्या सुमाराला धाकटं पोर झोपेनं पेंगत असतं, बायकोची टाच सोललेली असते आणि हा माणूस नकाशा उघडून म्हणतो, "अजून पाच बाकी आहेत." कारखान्यात हिशेब बघत नोकरी काढली, पण असलं काटेकोर काम मी तिथंही बघितलं नाही. सहलीला आलेला माणूस त्या दिवशी सर्वांत जास्त राबतो. माझ्या ओळखीचा एक मुलगा तिथं टबी नावाच्या हत्तीच्या पोशाखात उभा राहायचा. तो सांगायचा की त्याच्यासोबत फोटो काढताना पोरं हसतात आणि बाप घड्याळ बघतात.

आम्हा रहिवाशांना ही घाई नाही. आमचं सगळं उद्याही तिथंच असणार असतं, आणि त्यातल्या बहुतेकाला तिकीट नाही.

आता खोपोलीची लोकलच घ्या. 1856 साली रेल्वे इथवर आली तेव्हा साहेबांच्या कागदांत या गावाचं नाव कँपूली होतं. तेव्हा रूळ इथंच संपायचे. प्रवासी उतरून पालखीनं नाहीतर बैलगाडीनं घाट चढायचे आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायचे. 1863 मध्ये कर्जतहून सरळ वर जाणारा घाटाचा लोहमार्ग झाला आणि आमचं स्टेशन फाट्यावरचं शेवटचं स्टेशन होऊन बसलं. मानवत रोडवरून आलेल्या माणसाला हे दुःख लगेच कळतं. पण पावसाळ्यात या फाट्यासारखी मौज नाही. एकेरी रूळ, आणि लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी अशी नावं. गाडी रिकामी असते, खिडकी मिळते, डोंगरावरून पांढरे ओहोळ उतरलेले असतात. चहाच्या किमतीत कर्जतला जायचं, फलाटावर वडा खायचा आणि त्याच गाडीनं परत यायचं. आक्काला हे मुळीच पटत नाही. "काम काय होतं कर्जतला?" असं ती तीन-तीनदा विचारते.

माझी खरी जागा मात्र वीजघराच्या बाजूची. टाटांचं हे वीजघर 1915 मध्ये सुरू झालं. वर लोणावळ्याच्या माथ्यावर वळवण, शिरवटा आणि लोणावळ्याचा तलाव. तिथलं पाणी डोंगरउतारावर मांडलेल्या जाड नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि पाताळगंगेत सोडून दिलं जातं. निट्रोच्या बारापटीहून जास्त उंचीवरून येणारं पाणी, आणि एक किंकाळी नाही. ही वीज सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी केली होती. 1900 च्या सुमाराला गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. म्हणजे आमच्याकडच्या बोंडाची आणि इथल्या पाण्याची गाठ मुंबईतल्या एखाद्या मागावर पडली असणार. हा विचार मला त्या नळांकडं बघताना फार सुखावतो. वीजघरात आत जायला परवानगी लागते. मी रस्त्यावरूनच बघतो.

दाजींना तिथं नेलं तेव्हा ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पाणी पुढं कुठं जातं?"

"पाताळगंगेतून समुद्राला."

"आन् अडवलं नसतं तर?"

मी सांगून टाकलं. वरची तळी इंद्रायणीच्या खोऱ्यातली. ते पाणी एरवी भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून पार बंगालच्या उपसागराला गेलं असतं. शंभर वर्षांपूर्वी माणसानं त्याचं तोंड फिरवलं. दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार, वरच्या धरणांतून पाणी येणार की नाही, यावर ज्यांचं वर्ष ठरतं, 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी नेलेलं ज्यांनी बघितलं, त्या माणसाला एक अख्खी नदी उताराला लावलेली बघून काय वाटावं? "मेव्हणे," ते म्हणाले, "फिरवायचंच होतं तर आपल्याकडं का नाही फिरवलं?" याला उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हे बघायला तिकीट नाही?" मी नाही म्हटलं. "म्हणून कुणी येईना," दाजी म्हणाले.

कालव्यावरून आठवलं. आम्हा मानवतच्या पोरांचं वॉटर पार्क म्हणजे हाच डावा कालवा. जायकवाडीचं लोकार्पण 1976 मध्ये झालं आणि पैठणहून निघालेल्या 208 किलोमीटरच्या या कालव्याचं पाणी पुढं आमच्या तालुक्यातून जाऊ लागलं. पाणी सुटल्याची बातमी आमच्यापर्यंत पाटबंधारे खात्याच्या आधी यायची. पुलावरून उडी, प्रवाहात वाहत जाणं, मग अनवाणी तापलेल्या भरावावरून धावत परत. धोका पुष्कळ होता, म्हणून मी भाच्यांना हे उत्तेजनार्थ सांगत नाही. आणि थीम पार्क म्हणजे परभणीचा उरूस. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा हा उरूस फेब्रुवारीत भरतो. आकाशपाळणे, ब्रेक डान्स, मौत का कुआं, जादूचे खेळ, हलव्या-पराठ्याची दुकानं. मराठवाड्यातल्या सगळ्या जातिधर्मांची माणसं तिथं एका पाळण्यात बसून सारखीच ओरडतात. उरुसात आणि या बारमाही पार्कात एक फरक मला जाणवतो. उरूस संपतो, पाळणे ट्रकवर चढतात, आणि मग वर्षभर त्याची वाट बघता येते.

उंबरखिंडही मी पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. पाली रस्त्यानंच पुढं, चावणी गावाजवळ. 2 फेब्रुवारी 1661 रोजी इथं शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज अडचणीच्या वाटेत गाठली. वर मराठे, खाली अरुंद खिंड, पाणी नाही. फौजेत रायबागन होती, आमच्या माहूरची देशमुखीण. खानाला शरण जायचा शहाणा सल्ला तिनंच दिला. सगळं सामानसुमान तिथं टाकून फौजेला जीव घेऊन परत जायची मुभा मिळाली. मराठवाड्यातून या खोऱ्यात आलेली आणि इतिहासाला ठाऊक असलेली ही बहुधा पहिलीच मोठी पाहुणी, आणि तिच्या पिशव्या सांभाळायला कुणी नव्हतं.

महडचा वरदविनायक जवळच. तिथं गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हातानं पूजा करता येते, यामुळं आक्काची इथली सगळी रुसव्याफुगव्यांनी भरलेली सहल सार्थकी लागते. जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि बक्षिसाऐवजी त्याला गोळी मिळाली अशी कथा. ट्रकवाले आजही त्याच्यापुढं नाणं टाकून पुढं जातात. एवढ्या मोठ्या रेल्वेचा वाटाड्या आणि मोबदला नाण्यांत, हेही खोपोलीला धरूनच झालं.

दाजींचा एक पुतण्या अमेरिकेत फ्लोरिडात, ऑर्लँडोला असतो. त्या गावाजवळ 1971 मध्ये डिस्नीचं उद्यान आलं आणि साऱ्या जगाला ते गाव त्यावरून कळलं. त्याला व्हिडिओ कॉलवर विचारलं, तर म्हणाला, "काका, गावाकडचे आले की जातो. एरवी रविवारी वेकिवा स्प्रिंग्जला होडी वल्हवतो, पाणी गार असतं. रात्री आतषबाजीचा आवाज येतो तेवढंच डिस्नी." मी त्याला विचारलं, तिथं पिशव्या कोण सांभाळतं? तो हसला. "मीच की."

तर मानवतकरांनो, जरूर या, फक्त मे महिन्यात येऊ नका. पेरणी उरकली, पहिली खुरपणी झाली की जुलैत या. पोरांच्या शाळेचं काय ते तुम्ही बघा. एक दिवस इमॅजिकाला द्या, त्याची तिकिटं तुमची तुम्ही काढा. बाकीचे दिवस माझे. धबधब्याखाली मात्र कुणाला जाऊ देणार नाही, दर पावसाळ्यात तिथं माणसांचे जीव जातात. आणि येताना छत्री आणू नका. घाटाच्या वाऱ्यात ती टिकत नाही, रेनकोट आणा.