लॅपटॉपचं मौनव्रत

कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, 'शहराच्या गोंगाटापासून दूर'. दोन, 'हायस्पीड वायफाय'. मुंबईचे पाहुणे शनिवारी पहिलीवर भाळून येतात आणि सोमवारी दुसरीवरून केअरटेकर मामांना धारेवर धरतात. मधला रविवार उल्हास नदीत पाय बुडवून 'डिजिटल डिटॉक्स'चे फोटो टाकण्यात जातो.

सोमवारी मीटिंगसाठी लॅपटॉप उघडावा, तर वायफायची यादी रिकामी. बंगल्याचं नाव नाही, शेजाऱ्याचंही नाही. डिटॉक्स मनावर घेणारा अख्ख्या कुटुंबात एकटा लॅपटॉपच निघाला!

"मामा, तुमच्याकडे नेटच नाही!"

मामा मोबाइलवर चालू असलेलं कीर्तन थांबवून म्हणतात, "साहेब, याच वायफायवर ऐकतोय की."

पुरावा समोर असूनही शिक्षा राऊटरलाच होते. तो पुन्हा पुन्हा बंद-चालू केला जातो. मग पावसावर खापर, शेवटी डोंगरावर. सह्याद्री लाव्ह्यातून घडला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. पण दिवाणखान्यातल्या राऊटर आणि सोफ्याच्या मध्ये तो अजून तरी आलेला नाही. तिकडे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्याला धावत्या गाडीचा फास्टॅग बिनतारी टिपता येतो. पैसे कापायचे असले की डोंगर आड येत नाही!

मोबाइलला नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला एकही दिसत नाही, म्हणजे दोष लॅपटॉपचा. एअरप्लेन मोड चालू आहे का पाहा. कीबोर्डवर किंवा कडेला वायफायचं बटण असेल, तर चिरंजीवांनी गेम खेळताना ते दाबलंय का पाहा. मग 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन केल्यावरही यंत्र अर्धवट जागंच राहतं. तरीही जमलं नाही, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. वायफाय अडॅप्टरवर पिवळं चिन्ह असेल, तर बहुधा ड्रायव्हर बिघडलाय. अडॅप्टर यादीतच नसेल, तर कार्ड सैल झालं असेल किंवा गेलं असेल.

ड्रायव्हरवर संगणकाचा सल्ला ठरलेला: इंटरनेटवरून उतरवून घ्या. रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणा, रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला आणा, त्यातली ही गत. सुटका मात्र खिशातच असते. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, ड्रायव्हर उतरवा. कार्डच गेलं असेल, तर यूएसबीचं छोटं वायफाय अडॅप्टर लावा. तेही नसेल, तर कर्जतहून सीएसएमटीची लोकल आहेच.

तेव्हा पाहुणेहो, मामांना हाक मारण्याआधी स्वतःचा मोबाइल बघा. तिथे वायफाय दिसत असेल, तर राऊटरला आणि मामांना दोघांनाही निर्दोष सोडा. मीटिंगच चुकवायची असेल, तर गोष्ट निराळी. त्या कामी साहेबाला सांगायला सह्याद्री बारमाही हजर आहे.