वातापीवर स्वारी

बदामी, म्हणजे जुनी वातापी, हे कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तांबड्या वालुकाश्माच्या दोन टेकड्यांच्या बेचक्यात, अगस्त्य तीर्थाच्या काठी ते वसले आहे. चालुक्य राजा पहिला पुलकेशी याने येथे किल्ला बांधला आणि तो वरून व खालून, दोन्हीकडून शत्रूला अजिंक्य असल्याचे इ. स. 543 मध्ये तिथल्याच कातळावर कोरून ठेवले. ही जाहिरात शंभर वर्षे टिकली नाही. 642 च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्मन्‌ने वातापी घेतली. पुढे 1786 मध्ये मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी बदामी टिपूकडून घेतली. हल्ली दर हिवाळ्यात येथे स्वारी होते ती प्रस्तरारोहकांची. मुंबई, पुणे, बंगळुरूपासून युरोपापर्यंतचे लोक दोराची वेटोळी खांद्याला लावून येतात, कडा अर्धामुर्धा चढतात आणि आपण होऊन खाली उतरतात. किल्ला कोणाच्या ताब्यात आहे याची ते चौकशीही करत नाहीत.

महाराष्ट्रातल्या आरोहकाला बदामीचे अप्रूप वाटते ते दगडामुळे. सह्याद्रीचा बेसाल्ट अनेक ठिकाणी भेगाळलेला, भुसभुशीत. धरलेला होल्ड, म्हणजे हाताची पकड, सुटून हातात येणे ही तिथली नेहमीची बाब. त्यामुळे सह्याद्रीत शिकलेला माणूस प्रत्येक होल्डवर आधी टकटक करतो, आतून बद्द आवाज आला तर दुसरीकडे हात घालतो. बदामीचा खडक घट्ट आहे आणि त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. म्हणून बोटे अडकवायला लांबच लांब आडव्या खाचा मिळतात. तरीही सह्याद्रीकर पहिल्या दिवशी टकटक करतोच. मात्र पाणी मुरलेला वालुकाश्म कच्चा होतो, होल्ड तुटतात. पाऊस झाल्यावर कडा नीट वाळेपर्यंत चढू नये, हा जगभरच्या वालुकाश्माचा नियम इथेही लागू आहे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर कडा इतका तापतो की त्यावर भाकरी टाकावी.

स्पोर्ट क्लायंबिंगमध्ये मार्ग आधीच आखलेला असतो. खडकात ड्रिलने भोके पाडून दोन-तीन मीटरवर पोलादी बोल्ट ठोकलेले असतात. पुढे चढणारा, म्हणजे लीडर, प्रत्येक बोल्टला क्विकड्रॉ, म्हणजे दोन हुकांचा पट्टा, लावतो आणि त्यात दोर अडकवतो. खाली उभा असलेला बिलेअर त्या दोराचे दुसरे टोक सांभाळतो. बोल्ट दोन मीटर खाली राहिला असताना हात सुटला, तर लीडर किमान चार मीटर पडतो; दोराचा ताण आणि ढील धरून थोडा जास्तच. खरा धीर लागतो तो बोल्ट पायाखाली गेल्यावर. अशा वेळी वरून ‘टेक, टेक!’, म्हणजे दोर ताणून धर, असा आवाज येतो आणि नेमक्या त्याच क्षणी बिलेअर कोणाशी तरी जेवणाचा बेत ठरवत असतो. मार्गाच्या शेवटी साखळीचा अँकर असतो. तिथून लीडरला खाली सोडतात. साठ मीटरच्या दोराने तीस मीटरपेक्षा उंच मार्गावरून माणूस जमिनीपर्यंत उतरत नाही, हा तिसरीतला भागाकार आहे. तो कड्याखाली चुकतो, म्हणून दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारून ठेवतात.

एवढ्या खटपटीने माणूस जातो तो अर्ध्या कड्यावरच्या एका साखळीपाशी. गावातल्या जाणत्यांना हे पटत नाही. उत्तरेच्या टेकडीवर शिवालयांपर्यंत चांगल्या दगडी पायऱ्या आहेत, आणि ते तसे सांगतातही.

मार्गाच्या अवघडपणाची पायरी, म्हणजे ग्रेड, फ्रेंच पद्धतीने मोजतात: 5, 6 ए, 6 बी, आणि मधेमधे अधिकचे चिन्ह. ग्रेड म्हणजे पहिल्याने चढलेल्याचे मत; पुढचे चढणारे ते मान्य करतात किंवा मोडीत काढतात. स्वतःला न जमलेल्या मार्गाची ग्रेड नेहमी कमी लावलेली असते. बदामीतला ‘गणेश’ हा 8 बी प्लस मार्ग भारतातल्या सर्वांत अवघड मार्गांत मोजला जातो. विघ्नहर्त्याचे नाव देताना कोणाच्या मनात काय होते ते तोच जाणे.

बोल्डरिंगची मोजणी वेगळी. तिथे दोर नाही. चार-पाच मीटरचा धोंडा, खाली क्रॅश पॅड आणि पडणाऱ्याला पॅडवर ढकलायला स्पॉटर. फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या पद्धतीतली 6 ए ही दोराच्या 6 ए पेक्षा बरीच अवघड. कागदावर ती मोठ्या अक्षराने वेगळी दाखवतात. गप्पांत अक्षराचा आकार ऐकू येत नाही, ही सोय अनेकांच्या पथ्यावर पडते. बदामीहून मंडळी पुढे हंपीला जातात ती याच धोंड्यांसाठी. तिथला ग्रॅनाइट खरखरीत. तो बोटांची कातडी दोन दिवसांत उतरवतो. घडी घातलेला क्रॅश पॅड रेल्वेत गादीच समजला जातो, आणि त्यावर बसलेल्या सहप्रवाशाला उठवणे हा प्रवासातला पहिला प्रॉब्लेम.

विश्रांतीच्या दिवशी लेणी पाहतात. दक्षिणेच्या टेकडीत चार लेणी आहेत; तिसऱ्यात 578 चा शिलालेख आहे. पहिल्या लेण्यातल्या नटराजाला अठरा हात आहेत, आणि आरोहक त्याच्याकडे भक्तीपेक्षा असूयेने पाहतात. त्रिविक्रमाने डोक्याच्या उंचीला नेलेला पाय हा तर आदर्श हाय-स्टेप. या संरक्षित भिंतींना मात्र हात लावायचा नाही. ते सर्व जण पाळतात, माकडे सोडून. माकडांना चॉक लागत नाही की तंग शूज. ती कड्यावरून उतरतात, पिशवीतली केळी घेतात आणि आरोहकाला न जमलेल्या भागावरून निवांत परत जातात.

बदामीपासून पाचेक किलोमीटरवर बनशंकरी आहे. ती अनेक मराठी घराण्यांची कुलदेवी असल्याने घरून परवानगी मिळवायला तिचे नाव फार उपयोगी पडते. पौषातल्या तिच्या मोठ्या जत्रेला नाटक कंपन्या येतात आणि सारा मुलूख लोटतो. जत्रा नेमकी चढाईच्या ऐन हंगामात असते. त्या दिवसांत बदामीत खोली मिळवायला जी कसरत लागते, तिला अद्याप कोणीही ग्रेड दिलेली नाही.