नामफलकांच्या दानशूरांस अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सामाजिक दायित्व समिती,
कोणतीही नफ्यातील कंपनी.

विषय : गडाला द्यावे, गवंड्याला देऊ नये, या धोरणाबद्दल अभिनंदन.

महोदय,

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतील जिंजी तमिळनाडूत, बाकीचे ११ महाराष्ट्रात. यापुढे औदार्याला जी भरती येईल, तिचे प्रवाह ठरलेलेच आहेत : रोषणाई, ध्वनिप्रकाशाचा खेळ आणि प्रवेशद्वाराशी काळ्या ग्रॅनाइटचा फलक. तटाची दरज, म्हणजे दोन चिऱ्यांमधला सांधा, भरणाऱ्या हाताला मोबदला देऊन शिकवणे या यादीत बसत नाही, आणि ते रास्तच आहे, कारण शिकलेल्या गवंड्याच्या पाठीवर कंपनीचे बोधचिन्ह कोरता येत नाही.

तांत्रिक अडचण तेवढी किरकोळ उरते. जुन्या बांधकामात चुना आहे. चुनखडी भट्टीत भाजून मिळालेली कळी पाण्यात विरवायची, मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळून ती घाणीत, म्हणजे गोल चरात फिरणाऱ्या जड दगडी चाकाखाली, मळायची. त्यात गुळाचे किंवा हिरड्याचे पाणी किती घालावे आणि मळणे कधी थांबवावे, हे जाणत्या कारागिराच्या शेजारी उन्हाळे-पावसाळे काढल्यावरच हाताला कळते. सिमेंट मात्र कोणालाही कालवता येते. ते ओल कोंडून धरते, त्यामुळे कोकणातल्या जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात ओलावा दगडातूनच वाट काढतो, क्षार पृष्ठभागाखाली साचतात, पोपडे सुटतात आणि काही वर्षांनी नवी डागडुजी व नवा फलक असा दुहेरी लाभ पदरी पडतो.

कायद्याने तर महोदयांपुढे मोहाचे सापळेच लावले आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक दायित्वावर खर्चावे लागतात. त्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आहे, तशीच रोजगाराला उपयोगी कौशल्येही आहेत, म्हणजे शिकाऊ गवंड्याचे विद्यावेतन, अर्थात शिकताना मिळणारा मासिक मोबदला, दोन्ही दारांनी आत येऊ शकते. शिवाय असा प्रकल्प आरंभाच्या आर्थिक वर्षानंतर आणखी तीन वर्षे चालवता येतो. हात तयार व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो, हा योगायोग दुर्लक्षणीय मानावा. शिकाऊ घेण्याची शासकीय सक्तीही या कामाला लागत नाही : १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियम ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेलाच शिकाऊ घेण्याची सक्ती करतात, आणि चुन्याचे काम करणारी दहा-बारा जणांची टोळी त्यातून सुटते. शिकू पाहणारा मुलगा मग विद्यावेतनाअभावी घर चालवण्यासाठी शहरात काँक्रीट ओतायला जातो.

तेव्हा महोदयांनी धोरण बदलू नये. एवढीच विनंती, की पुढचा फलक बसवताना पुरातत्त्व खात्याने सिमेंटला हरकत घेतल्यास तो चुन्यात बसवावा, आणि त्यासाठी गवंडी मिळाल्यास त्याचा पत्ता समितीच्या वार्षिक अहवालात छापावा.

कळावे.