माप ओलांडताना

लग्न होऊन या घरात आले त्या दिवशीच खरं तर सगळ्यांच्या लक्षात यायला हवं होतं. उंबरठ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं. उजव्या पायानं हलकेच लवंडायचं, अशी सूचना मागून चार बायकांनी एकदम दिली. मी हलकेच लवंडलं. म्हणजे माझ्या मते हलकेच. माप घरंगळत पार देव्हाऱ्यापर्यंत गेलं आणि तांदूळ दिवाळीपर्यंत दिवाणाखाली सापडत राहिले. पुढे नणंदेनं हौसेनं परातीत कुंकवाचं पाणी करून ठेवलं होतं. पांढऱ्या पंचावर माझी पावलं उमटली, तशा शेजारच्या काकू वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई, पाऊल आहे की पोळपाट?"

सासूबाईंनी सावरून घेतलं. "असू दे. पाया रुंद असला की घर डगमगत नाही."

त्या माउलीनं त्यानंतर माझ्या पायाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त स्वतःच्या मुलाच्या पायांचं कौतुक थांबवलं नाही. ते पाय खरंच सुंदर आहेत. निमुळते, बोटं उतरत्या क्रमानं, जणू शाळेत उंचीप्रमाणे उभी केलेली मुलं. आमच्या घरात उंचीचं मात्र एकंदरीतच दुर्भिक्ष, त्यामुळे ह्यांना बूट लागतो सहा नंबरचा. "बाळकृष्णासारखी पावलं आहेत माझ्या लेकाची," असं सासूबाई म्हणाल्या, की मी माझी पावलं साडीच्या निऱ्यांखाली ओढून घ्यायची.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. माझे पाळण्याबाहेरूनही दिसत असावेत. पाचवीत असताना पीटीच्या तासाला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे होते. दर जूनला नवी जोडी यायची आणि ऑगस्टपर्यंत उजव्या करंगळीशी शिवण उसवायची. सातवीत आईनं उसवण्याची वाटच बघितली नाही. दुकानातून आणल्या आणल्या बाबांच्या दाढीच्या पात्यानं तिनं बुटाला करंगळीच्या बाजूनं उभी चीर दिली. त्या फटीतून मोजा डोकावायचा. तो दिसू नये म्हणून मी रोज प्रार्थनेआधी त्यावर खडू घासायची. आज मी गणित शिकवते, दिवसभर हाताला खडू असतो. पण खडूचा इतका जिव्हाळ्याचा उपयोग त्यानंतर कधी झाला नाही.

पुढची तीस-पस्तीस वर्षं सुखात गेली, कारण ती चपलेत गेली. चप्पल ही उदार वस्तू आहे. पाय बाहेर सांडला तरी ती काही म्हणत नाही. कोल्हापूरला चप्पल लाईनीत एका म्हाताऱ्या कारागिरानं माझं पाऊल कागदावर ठेवायला लावून भोवती पेन्सिल फिरवली होती. पेन्सिल फिरता फिरता एकदा थांबली, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय हाय, ताई!" आयुष्यात माझ्या पायाला मिळालेली ती एकमेव दाद. आठ दिवसांनी आलेली ती जोडी पहिले चार दिवस करकरली, मग तेल पिऊन मऊ झाली आणि पुढे सहा वर्षं टिकली.

घात केला तो रक्तातल्या साखरेनं. रिपोर्टमधला आकडा काठावर आला. डॉक्टर म्हणाले, चाला. साताऱ्यात चालायला लागलेला माणूस चालण्यावर थांबत नाही. या गावाला २०१२ पासून हिल मॅरेथॉनचं वेड आहे. पहाटे पाचला यवतेश्वरच्या घाटात निघालात तर अंधारात आपल्या शेजारून कुणी तरी धापा टाकत जातं, आणि उजाडल्यावर कळतं की ते आपले मुख्याध्यापक होते. एकवीस किलोमीटर, निम्मं अंतर चढ, निम्मं उतार. स्टाफरूममधल्या तिघी नाव नोंदवून आल्या, त्यांच्या नादानं मीही नोंदवलं. चपलेवर पळता येत नाही हे त्यानंतर आठवलं.

पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात गेले. पोऱ्या चुणचुणीत होता. त्यानं माझ्या पायाकडे बघितलं आणि आतून एक गुलाबी जोडी आणली. बायकांसाठी म्हणून केलेले पळायचे बूट गुलाबीच का असतात, यावर मी काही बोलणार नाही. पाय आत गेला, पण कसा? स्वारगेटच्या एसटीत तिघांच्या बाकावर चौथी बसते, तसा. अंगठा खिडकीपाशी बसलेला, त्याला जगाची फिकीर नाही. मधली तिघं एकमेकांच्या मांडीवर. आणि करंगळी अर्धी बाकावर, अर्धी अधांतरी, प्रत्येक वळणाला "सरका की जरा" म्हणणारी.

"बाजूला चावतोय रे."

"वापरून सैल होतील, मॅडम."

हे वाक्य चामड्याच्या जोड्यांच्या काळातलं. चामडं तेल खातं, घाम खातं, हळूहळू माणसाचं ऐकतं. या बुटांची जाळी कृत्रिम धाग्याची; ती पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच शेवटपर्यंत राहते. पण हे ज्ञान मला नंतर झालं. तेव्हा पोऱ्या म्हणाला, "मग एक नंबर मोठा देतो." मोठा घातला. त्यानं अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून पाहिलं, माझा अंगठा त्याला सापडेना, म्हणून तो खूश झाला. पुढे दोन बोटं जागा मोकळी आणि बाजूला तीच गर्दी! बस लांब केली तरी बाक तिघांचाच होता.

घेतले. काउंटरवर पैसे मोजताना आपण सुशिक्षित आहोत, हे माझ्या लक्षात राहत नाही.

सरावात चढाला त्या बुटांनी फारसा त्रास दिला नाही. चढाला पाय मागे रेलतो. खरी परीक्षा उताराला. उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकत होता, रिकाम्या टोकात जाऊन आपटत होता, आणि चवडा दोन्ही बाजूंनी पिळला जात होता. जोडवी घालूनच गेले होते, हा आणखी शहाणपणा. पूर्वेकडे तांबडं फुटत होतं, दरीत धुकं होतं, सोबतची म्हणत होती, "काय सुंदर आहे ना!" आणि मी मनात फक्त जोडवी मोजत होते. घरी येऊन मोजा काढला तर करंगळी कंदी पेढ्यासारखी झाली होती, रंगानं आणि आकारानंही. आठवड्यानं अंगठ्याचं नख काळं पडलं. महिन्याभरात करंगळीवर कुरूप आलं. मराठीत या घट्ट्याला कुरूप म्हणणाऱ्यानं माझाच पाय बघितला असणार.

जोडवी साबण लावून निघाली. सासूबाईंनी ती डबीत ठेवली आणि म्हणाल्या, "ती बारामतीची लता करे नऊवारीत अनवाणी पळाली आणि पहिली आली. तिच्यावर सिनेमा निघाला. तुला कशाला हवेत गं बूट?" याला उत्तर नव्हतं. माझ्यावर सिनेमा निघाला असता तर त्याचं नाव काय ठेवलं असतं, एवढाच विचार मनात आला.

मग माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. आलेखाच्या कागदावर उभी राहिले, टोकदार पेन्सिल सरळ धरून मुलीकडून पायाची रेघ मारून घेतली. लांबी २४ सेंटिमीटर. चवड्याशी रुंदी १० सेंटिमीटर. लांबी अगदी चारचौघींसारखी, हे बघून मला गहिवरून आलं. चाळीस वर्षं ज्याला सगळे मोठा पाय म्हणत होते, तो मोठा नव्हताच. फक्त आडवा होता. आणि दुकानात तर नंबर नुसता लांबीचा विचारतात.

त्या नंबराची गंमत अशी, की इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी. आपल्याकडेही आठ यवांचं अंगुळ होतंच, तेव्हा धान्यानं पाय मोजण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की नंबर एकनं वाढवला तर लांबी वाढते जवळपास साडेआठ मिलीमीटर, आणि रुंदी वाढते जेमतेम दोनेक. माझ्या करंगळीला हवी तेवढी जागा लांबीच्या वाटेनं मिळवायची तर बूट घेऊन नाही, होडी घेऊन बाहेर पडावं लागलं असतं.

रुंदीला वेगळी मापं आहेत, पण ती अमेरिकी अक्षरांत. बायकांचा साधा बूट बी, रुंद तो डी, त्याहून रुंद टू ई. पुरुषांचा साधा बूटच डी. रुंद टू ई, आणि मग फोर ई. म्हणजे बायकांनी ज्या रुंदीसाठी खास मागणी करायची, ती पुरुषांना न मागता मिळते. हे मी स्टाफरूममध्ये फळ्यावर काढून दाखवलं. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, यात नवीन काय?

त्याच सुमारास, २०२४ मध्ये, पेपरात एक बातमी आली आणि मी ती कात्रण काढून सासूबाईंच्या पोथीशेजारी ठेवली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय यंत्रानं मोजले होते. २०२१ च्या डिसेंबरात सुरू करून पुढच्या मार्चपर्यंत. निष्कर्ष काय, तर भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद. आपण मात्र स्वातंत्र्याच्या आधीपासूनचे इंग्रजी नंबर घालत बसलोय. आता भारतीय पायासाठी वेगळी मापं सुचवली आहेत, त्यांना नाव दिलंय 'भा'. संस्कृतात भा म्हणजे तेज. करंगळीच्या कुरुपाला तेज म्हणणारं सरकार मी पहिल्यांदाच पाहिलं.

एक लाख माणसांचे पाय! आणि मी पाचवीपासून समजत होते की ही आमच्या घराण्याची खासगी बाब आहे.

पण 'भा' दुकानात येईपर्यंत स्पर्धा थांबणार नव्हती. मधल्या काळात एका सोबतिणीनं युक्ती शिकवली: बुटाच्या टोकाकडची नाडीच्या भोकांची एक जोडी मोकळी सोडायची, आडवी नाडी त्या जागी घ्यायचीच नाही. चवड्यावरचा फास सुटतो. त्यावर मी दोन महिने काढले. शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा आणि पाठोपाठ पालकसभा उरकून पुण्याची गाडी पकडली. बूट संध्याकाळीच घ्यावेत, दिवसभर उभं राहून पाय फुगतो तेव्हा, असं वाचलं होतं. पळताना तो फुगतोच. सहा तास उभं राहून शिकवणाऱ्या बाईचा पाय संध्याकाळी जेवढा असतो, त्याहून मोठा तो आयुष्यात होणार नाही. पर्समध्ये पळायचे मोजे आणि पावलाचं आलेखपत्र.

बायकांच्या विभागात मी सहा जोड्यांच्या आतल्या गाद्या काढून जमिनीवर मांडल्या आणि एकेकीवर उभी राहिले. ही परीक्षा साधी आहे: पाऊल गादीबाहेर सांडलं तर बूट अरुंद. सहाही गाद्यांवर माझा पाय, लहान तव्यावर थापलेल्या थालीपिठासारखा, कडेनं उतू गेला. दुकानातली मुलगी आधी घाबरली, मग तिला गंमत वाटू लागली. न्यू बॅलन्स, असिक्स, ब्रूक्स अशा काही कंपन्या रुंद मापात बूट काढतात, हे तिला ठाऊक होतं. पण बायकांच्यातलं रुंद माप दुकानात नव्हतं. तिनं आवाज खाली आणला आणि, सोनाराच्या दुकानात मागच्या खोलीतला माल दाखवताना विचारतात तसं, विचारलं, "मॅम, जेन्ट्समध्ये चालेल?"

पुरुषांच्यात सगळ्यात लहान नंबर सहा. रुंदी टू ई. रंग करडा, पाऊस पडायच्या आधीचा साताऱ्याचा डांबरी रस्ता असतो तसा. गादी काढली, उभी राहिले. पाऊल आत. चहूबाजूंनी एकेक रेघ मोकळी. बूट घातला आणि पाचही बोटं एकाच वेळी हलवून पाहिली. पाचही हलली! एखाद्या एकत्र कुटुंबात सगळ्यांना स्वतंत्र खोल्या मिळाव्यात, तसा आतून एक विचित्र शांत आवाज आला. मी त्या गुळगुळीत फरशीवर पर्स सांभाळत, साडीत, भिंतीपासून काउंटरपर्यंत पळून दाखवलं. दोन गिऱ्हाइकं बाजूला झाली.

घरी आणून रॅकवर ठेवले. कुणाला मुद्दाम सांगितलं नाही की पुरुषांचे आहेत. काही गोष्टी संसारात न बोललेल्या बऱ्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता निघायला उठले, तर रॅकवर माझे बूट नव्हते. ह्यांचे जुने करडे बूट मात्र जागच्या जागी. तेवढ्यात दार वाजलं. हे दुधाच्या पिशव्या घेऊन आत आले, पायात माझे बूट, आणि चालताना फटक-फटक आवाज.

"अगं, माझे बूट एकदम सैल कसे झाले? पाय नुसता लडबडतोय आत."

"ते माझे आहेत."

हे खाली बघत राहिले. उंबरठ्याशी, जिथे ते माप ठेवलं होतं साधारण तिथेच, उभे होते. सासूबाई उठून चुळा भरत होत्या. त्यांनी पाणी थुंकून विचारलं, "लांबीला सैल होतात का रे?"

"नाही गं आई. रुंदीला."

सासूबाईंनी आपल्या लेकाच्या बाळकृष्णासारख्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. पदरानं तोंड पुसलं.

"काढ ते. तिला उशीर होतोय."