दुधाचा हिशेब आहे, डोक्याचा नाही

मध्य प्रदेशात सिहोऱ्यातलं असो की जबलपूरमधलं, मराठी घराची एक खूण ठरलेली: स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय. त्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, चतुर्थ्या-एकादशा तर छापलेल्याच. घरातल्या बाईचं डोकं महिन्यात किती दिवस दुखलं आणि तिने किती दिवस गोळ्या घेतल्या, एवढं मात्र त्यावर कुठे नसतं. आज माझं म्हणणं एकच आहे: ते लिहा.

मायग्रेनला आपण अर्धशिशी म्हणतो, इथले हिंदीभाषक शेजारी आधासीसी म्हणतात, आयुर्वेदात ती अर्धावभेदक आहे. नावं कितीही असोत, हाल तेच. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, कुकरची शिट्टी मेंदूत घुसते, पोट ढवळून उलटी होते. त्यावर घरातलं वाक्य ठरलेलं: ‘डोकंच तर दुखतंय, गोळी घे आणि पड.’

हे वाक्य अन्यायाचं आहे. जगभर माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांत मायग्रेनचा क्रमांक दुसरा, आणि तरुण बायकांत तर पहिला. २०१९ च्या जागतिक आजारभार अभ्यासातला हा निष्कर्ष आहे. आपल्याकडे बंगळूर शहरात आणि आसपासच्या गावांत २,३२९ माणसांची पाहणी झाली, तेव्हा वर्षभरात मायग्रेनने गाठलेले जवळजवळ चारात एक निघाले. चौघी जेवायला बसल्या तर एकीची पंगत अंधाऱ्या खोलीत, असा याचा अर्थ.

‘ती फार विचार करते म्हणून होतं’ हेही आता पुरे. १९४४ मध्ये लेआंव या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूवर एक लाट पाहिली, मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर सरकणारी. डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते, तिच्यामागे अशीच लाट असते. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन यांनी दुखण्याच्या ऐन वेळी रुग्णांच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं. सीजीआरपी हा पदार्थ त्यात वाढलेला होता. चेहऱ्याची आणि डोक्याची वेदना वाहणारी मज्जातंतूंची जाळी तो सोडते. त्याचंच काम अडवणारं पहिलं इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि या संशोधनाला २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला. दुखणं मनाचं खूळ असतं, तर ते रक्तात सापडलं नसतं.

आता औषधाच्या दुकानापाशी या. ‘भैया, सरदर्द की एक पत्ती देना.’ पत्ती मिळते. कशाने दुखतं, महिन्यातून किती वेळा, पोटात बाळ आहे का, हे कुणी विचारत नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र, अर्गोटामाइनची किंवा ट्रिप्टानची गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणं, असं चाक फिरत राहतं. अर्गोटामाइन तर रक्तवाहिन्या आवळतं. गरोदरपणात ते चालत नाही, काही अँटिबायोटिकांसोबत घेतलं तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. असली गोळी सुट्या शेंगदाण्यांसारखी विकायची नसते.

दुखणं थांबवणारी गोळी वेगळी आणि दुखणं येऊच नये म्हणून घ्यायची वेगळी, हे घराघरांत पोचलेलंच नाही. छातीदुखीसाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने अर्धशिशीही थांबते, हे १९६६ मध्येच लक्षात आलं होतं. ते स्वस्त आहे, जुनं आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. फ्लुनारिझिन आणि हल्ल्याच्या वेळचं सुमाट्रिप्टानही त्या यादीत आहेत. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल नको, हृदयविकार असलेल्याला सुमाट्रिप्टान नको, मूल हवं असलेल्या बाईला व्हॅल्प्रोएट हे रोजचं औषध नको. म्हणून निवड डॉक्टरने करायची, दुकानदाराने नाही. आणि रोजच्या गोळीचा गुण यायला दीडदोन महिने लागतात. आठव्या दिवशी ती फेकून देऊ नका.

मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली: डोक्यावरून न्हाल्यावर उठणारी अर्धशिशी. परदेशी पुस्तकांतल्या कारणांच्या यादीत जे नव्हतं, ते आपल्या न्हाणीघरात सापडलं. आता आपल्या बाईचा सणाचा दिवस आठवा. पहाटे न्हाणं, ओले केस तसेच बांधलेले, उपास, धुपाचा धूर, दुपारच्या उन्हात देवळापर्यंत पायपीट. सणाला नाही म्हणू नका. केस आदल्या दिवशी धुवा आणि नीट वाळवा, तिला वेळेवर खाऊ द्या, झोपू द्या.

एकदम वीज कोसळल्यासारखं डोकं दुखलं, ताप येऊन मान आखडली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर हिशेब करत बसू नका. सिहोऱ्याहून जबलपूर चाळीसेक किलोमीटरवर आहे, तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे. तडक निघा. एरवी सरकारी दवाखान्यात दाखवा, किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या डॉक्टरशी बोला. मात्र हातात आकडे घेऊन. ‘खूप दुखतं’ म्हटलं की दोन मिनिटांत पुढचा रुग्ण आत येतो. ‘महिन्यात अकरा दिवस दुखलं, नऊ दिवस गोळी घेतली’ म्हटलं की डॉक्टरला थांबावंच लागतं.

तेव्हा आजपासून कालनिर्णयावर डोकं दुखलं त्या दिवशी टिंब, गोळी घेतली त्या दिवशी फुली. महिन्यात चार टिंबं झाली तरी रोजच्या गोळीबद्दल विचारा. फुल्या दहाकडे सरकल्या तर पत्ती आणायला जाऊ नका, डॉक्टरकडे जा. आणि ही खूण करायला तिला उठवू नका, तिला उजेड सोसत नाहीये. दुधाचा खाडा जो लिहितो, त्यानेच हीही लिहावी.