वोरोशिलोव्ह गेला, स्टॅलिन आला

"बाई, तुमचा नातू सकाळपासून 'धडाम धडाम' करत अंगण डोक्यावर घेतोय. काय पाजलंत त्याला?"

"मी कशाला काय पाजतेय, अण्णा! काल रणगाड्यांच्या म्युझियमला नेलं होतं. तिथं मटिल्डा बघितली, व्हॅलेंटाइन बघितला, आणि मी आपली शाळेतल्या सवयीनं बोलून गेले की हेच रणगाडे इंग्रजांनी महायुद्धात रशियालाही धाडले होते. त्या मटिल्डाच्या बाजूच्या पत्र्याआड चिखल-बर्फ गच्च बसायचं, रशियन नुसते वैतागायचे. तर हा विचारतो, आजी, रशियाचा स्वतःचा मोठा रणगाडा नव्हता का? आता त्या रशियन रणगाड्यांच्या घराण्याच्या भानगडी एवढ्याशा पोराला कशा सांगायच्या!"

"मग मला सांगा की. जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला माझा. लोखंडाच्या भानगडी मला चालतात."

"पण कुणाला बोलायचं नाही हं. म्हणजे बोललात तरी हरकत नाही, सगळे गेले आता. तर तेव्हा रशियनांना रणगाड्यावर टरेटींची, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटांची, चळत रचायचा भारी सोस. टी-३५ नावाच्या एकावर तर पाच टरेटी!"

"पाच? मग कमांडरनं ओरडायचं तरी कुणाकुणावर?"

"तेच ना. लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्यात कोतिन म्हणून मुख्य डिझायनर होता, त्यानं नवीन जड रणगाड्याचं मॉडेल करून क्रेमलिनला नेलं. तीन टरेटींचं. सांगतात की स्टॅलिननं त्यातली एक टरेट हातानं उचलून बाजूला ठेवली. झालं, कुणाची बिशाद आहे ती परत बसवायची! दोन टरेटींचा गाडा झाला, त्याला नाव दिलं लेनिनग्राडचा पुढारी किरोव्ह याचं. शिवाय कोतिनच्या माणसांनी एकाच टरेटीचाही एक गाडा केला, आणि त्याला नाव कुणाचं? क्लिमेंत वोरोशिलोव्हचं. तो तेव्हा संरक्षण खात्याचा सर्वेसर्वा."

"म्हणजे पास कोण करणार, ते आधीच बघून बारसं!"

"मी कुठं काय म्हटलं! १९३९ च्या डिसेंबरात फिनलंडच्या लढाईत दोघांनाही धाडलं. किरोव्ह सुरुंगावर गेला आणि तिथंच बर्फात अडकून पडला. वोरोशिलोव्ह, म्हणजे केव्ही, परत आला आणि १९ डिसेंबरला लष्करात भरतीही झाला. किरोव्ह बिचारा १९३४ मध्येच खून होऊन गेलेला. मेलेल्याच्या नावाचा गाडा मागं राहिला, खुर्चीतल्याच्या नावाचा पुढं. आणि पुढची गंमत ऐका. त्याच फिनलंडच्या लढाईत फजिती झाली म्हणून १९४० च्या मे महिन्यात त्या वोरोशिलोव्हचंच खातं गेलं. माणूस उतरला, गाडा राहिला."

"गाडा कसा होता पण?"

"चिलखत पाऊण वितीचं नाही हो, पण पंचाहत्तर मिलिमीटर म्हणजे तेव्हा भलतंच जाड. जर्मनांचे गोळे आदळून बाजूला पडायचे. १९४१ च्या जूनमध्ये लिथुआनियात रासेनियाय गावाजवळ एक केव्ही, एकटा, रस्त्यावर उभा राहिला आणि जर्मनांच्या सहाव्या पँझर डिव्हिजनचा रस्ताच अडवला. रसद घेऊन आलेले ट्रक उडवले. पन्नास मिलिमीटरच्या तोफा लावल्या, काही होईना. विमानं पाडायची अठ्ठ्याऐंशीची तोफ आणली, तर तिला यानं जवळ येऊ दिलं आणि मग उडवलं. रात्री सुरुंगवाले स्फोटकं लावून आले, तरी सकाळी हा तिथंच. शेवटी समोरून रणगाडे नाचवून याचं लक्ष वेधलं आणि दुसरी अठ्ठ्याऐंशी मागून लावली. आतल्या रशियनांना जर्मनांनी सन्मानानं पुरलं."

"पण तो तिथंच का थांबला होता?"

"ते कुणास ठाऊक."

"मला ठाऊक आहे. गिअर अडकला असणार."

"अण्णा, चेष्टा करताय, पण त्या केव्हीची खरी दुखरी नस तुम्ही अचूक धरलीत! गिअरबॉक्स म्हणजे नुसता छळ. ड्रायव्हर गिअर टाकायला हातोडा जवळ ठेवायचे म्हणतात."

"सांगू नका! आमच्याकडे एक जुनी गाडी होती, तिचा दुसरा गिअर टाकायचा म्हणजे ड्रायव्हर अर्धा उठून उभा राहायचा. आणि ती तर दहा-बारा टनांची. हा किती टनांचा?"

"पंचेचाळीसच्या आसपास. नंतर वाढतच गेला."

"पंचेचाळीस टन! पाचशे-सहाशे हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन असेल तरी त्याचा सगळा जोर त्या दातांवर. चढ लागला की क्लच जळणार, नाहीतर दात झडणार. चिलखताचं कौतुक सगळे करतात, बाई, गाडी चालते कशावर ते कुणी विचारत नाही."

"विचारणारा एक होता. शाश्मुरिन. त्याच कारखान्यात, त्याच ऑफिसात. त्याचा आराखडा वेगळा होता, ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर काहीतरी..."

"प्लॅनेटरी. बरोबर आहे, जड गाडीला तेच पाहिजे."

"पण तो बाजूला ठेवला आणि दुखोव्हचा साधा गिअरबॉक्स बसवला. दुखोव्ह म्हणजे केव्हीचा मुख्य डिझायनर, फार हुशार माणूस, पुढं अणुबॉम्बच्या कामाला गेला. पण गिअरबॉक्सच्या बाबतीत शाश्मुरिननं त्याला कधी माफ केलं असेल असं मला वाटत नाही. एका छपराखाली दोन हुशार माणसं म्हणजे, तुम्हाला माहितीय ना..."

"वर्कशॉपात रोजचं होतं ते. पुढं?"

"पुढं जर्मन लेनिनग्राडच्या वेशीवर. मग कारखानाच उचलला! मशिनं, माणसं, नकाशे, सगळं उरलपलीकडे चेल्याबिन्स्कला. तिथं ट्रॅक्टरचा मोठा कारखाना होता, त्यात हे लोक घुसले. लोक त्या गावाला टँकोग्राड म्हणायला लागले. डायरेक्टर झाल्त्समन, कडक माणूस. थंडी अशी की विचारू नका. आणि पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून लेथवर बायका आणि पोरं. चौदा-पंधरा वर्षांची पोरं, अण्णा. लेथच्या हँडलपर्यंत हात पुरत नाही म्हणून पायाखाली खोकं."

"खोक्यावर उभं राहून लेथ? घसरलं तर हात जाईल ना पोराचा."

"जात असतीलही. बारा बारा तासांच्या पाळ्या. आता अशा हातांनी करायचं म्हटल्यावर माल कसा येणार? कारखान्यात जमेल तशी ओतीव टरेट, जमेल तसं चिलखत जाड, आणि वजन वाढत चाललेलं. १९४२ मध्ये आघाडीवरनं तक्रारी. कातुकोव्ह म्हणून रणगाड्यांचा जनरल होता, त्यानं स्टॅलिनच्या तोंडावर सांगितलं की केव्ही फार जड, पूल मोडतो, आणि तोफ तीच छोट्या टी-३४ रणगाड्यावर आहे ती. म्हणजे एवढं धूड हाकायचं कशाला? त्यानं आपल्या आठवणींत लिहूनच ठेवलंय."

"बरोबरच बोलला. तोंडावर बोलला म्हणजे हिंमत आहे."

"आता शाश्मुरिनचे दिवस आले! वजन घटवायचा हुकूम झाला. केव्ही-१एस नावाचा हलका गाडा आला, साडेबेचाळीस टनांचा, आणि त्यात शाश्मुरिनचा नवीन गिअरबॉक्स, पुढचे आठ गिअर. आणखी एक बघा, आधीच्या केव्हीत कमांडरच तोफेत गोळे भरायचा."

"मग लढाई बघायची कधी त्यानं?"

"आता त्याला मोकळं केलं, वर बघायला छोटी टोपी दिली. त्याच सुमारास केव्ही-१३ नावाचा आणखी आटोपशीर गाडा त्सेइत्स नावाचा डिझायनर करत होता, पण तो १९४२ मध्येच वारला, आणि गाडा चाचणीत काही धड चालला नाही. पुढच्या वंशाचं बीज मात्र त्यातच."

"आणि जर्मन काय झोपले होते?"

"कसले झोपतायत! टायगर आणला. १९४३ च्या जानेवारीत लेनिनग्राडजवळ त्यातला एक रशियनांच्या हाती लागला, तो मॉस्कोजवळ कुबिंकाला नेला आणि एप्रिलमध्ये त्याच्यावरच गोळे मारून बघितले. रशियनांची शहात्तरची तोफ दोनशे मीटरवरनं त्याच्या कुशीतसुद्धा शिरेना! विमानविरोधी पंच्याऐंशीची तोफ मात्र हजार मीटरवरनं समोरनं फोडत होती. मग काय, एकच पळापळ. पंच्याऐंशीची तोफ घातलेला नवीन गाडा सप्टेंबर १९४३ मध्ये पास झाला. आणि नाव? वोरोशिलोव्ह गेला, इओसिफ स्टॅलिन आला. आयएस."

"आता मात्र नापास करायची सोय नाही!"

"कोतिन कच्चा नव्हता, अण्णा. त्याचं गणित बघा. वजन केव्हीएवढंच, शेहेचाळीस टन, जर्मनांच्या पँथरपेक्षा टनभर जास्त असेल, पण समोरचं चिलखत एकशेवीस मिलिमीटर. हे जमवलं कसं? पाचातला एक माणूस काढला, अंग आवळलं, आणि प्लॅनेटरी गिअर आता कुठं बसले."

"बसले ना शेवटी! चार वर्षं पोरांना हातोडे मारायला लावून."

"पण पंच्याऐंशी तर लवकरच टी-३४ लाही बसणार होती. पुन्हा कातुकोव्हचंच गाऱ्हाणं आलं असतं. मग पेत्रोव्हनं, तोफांचा डिझायनर तो, लष्कराची जुनी एकशेबावीसची लांब तोफ आत घातली. चाचणीत म्हणतात की गोळा पँथरच्या तोंडातनं शिरला आणि ढुंगणातनं निघाला. शब्दाबद्दल माफ करा."

"तुम्ही बाई आहात म्हणून ऐकून घेतो. पण जुनी तोफ का? शंभर मिलिमीटरची नवीन चांगली झाली नसती?"

"ती बसवून बघितली होती हो. नेमही चांगला होता. पण गोळे कुठनं आणायचे? एकशेबावीसच्या तोफा आणि गोळे कारखान्यात तयार होते. आणि या गाड्याचं काम नुसतं रणगाडे फोडायचं नव्हतं. बंकर, पक्क्या भिंती, तोफांचे मोर्चे, आधी हे मोडून वाट करून द्यायची. त्याला मोठा गोळाच पाहिजे."

"गोदामात आहे ते बसवा. हे खरं वर्कशॉप."

"पण त्याचीही किंमत. पंचवीस किलोचा गोळा, वर दारू वेगळी, दोनदा भरायचं. मिनिटाला दोन-तीन गोळे. आत जागा अठ्ठावीसच गोळ्यांना."

"अठ्ठावीस? पंधरा मिनिटं जोरात भांडलं की संपलं. आणि भरणाऱ्याची पाठ? पंचवीस किलो, हलत्या गाडीत, वाकून. सिमेंटची अर्धी गोण दर वीस सेकंदांनी उचलून बघा म्हणावं."

"आणि ती तोफ चाचणीला लावली होती, तिथं वोरोशिलोव्ह हजर. सांगतात की तोफेच्या तोंडावरचा ब्रेक फुटून उडाला आणि तुकडा त्याच्या जवळनं गेला. थोडक्यात वाचला."

"आधी नाव काढलं, मग तोफही अंगावर सोडली!"

"हळू बोला. नंतर तो ब्रेक बदलला, जर्मनांचा बघून. बरं, पण मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पार सैबेरियाच्या टोकाला मगदान आहे ना, तिथलं एक जोडपं, इव्हान आणि अलेक्सांद्रा बोइको. साठवलेले पन्नास हजार रुबल रणगाड्यासाठी दिले आणि स्टॅलिनला पत्र लिहिलं की आम्हालाच तो चालवू द्या. परवानगी मिळाली! चेल्याबिन्स्कच्या शाळेत शिकले आणि १९४४ मध्ये आयएस घेऊन आघाडीवर गेले. बायको कमांडर, नवरा ड्रायव्हर."

"ऐका, ऐका! आमच्या घरी हे कळू देऊ नका."

"आणि त्या गाड्यात ड्रायव्हरला वर स्वतःचं झाकणच नाही. वरनं बाहेर पडायचं तर टरेटमधनंच, म्हणजे बायकोच्या राज्यातनं. नाहीतर खाली पोटाला एक झाकण, तिथनं सरपटत."

"पेटलेल्या गाडीत सरपटत? हे काही हसण्यावारी नाही, बाई. झाकण नाही म्हणजे चिलखत अखंड राहिलं, ते कळतं मला. पण तो जो पुढं एकटा बसतो, त्याचा विचार कागदावर कुणी केला होता का?"

"कागदावर नसेलच. ती दोघं मात्र जिवंत परतली. बाकी बर्लिनपर्यंत आयएस गेले. १९४५ च्या एप्रिलमध्ये गल्ल्यांतनं, खिडकीतनं फाउस्टपॅट्रन, म्हणजे हातातनं सोडायचे रणगाडाफोड गोळे, मारणारी पोरं आणि खाली हा. एक गोळा मारला की मजलाच खाली. ७ सप्टेंबर १९४५ ला बर्लिनमध्ये विजयाची परेड झाली, त्यात बावन्न नवेकोरे आयएस-३ काढले. टोकदार नाक, उपड्या वाटीसारखी टरेट. अमेरिकन-इंग्रज पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार."

"तो चांगला होता का पण?"

"दिसायला! नंतर अंगाच्या जोडांना चिरा गेल्या, इंजिनाच्या बैठका ढिल्या. वर्षानुवर्षं डागडुजी चालली होती."

"बघा! घाईतलं वेल्डिंग. परेडला उभं करायचं म्हणून रात्रीतनं ओढलेलं असणार."

"आणि झाल्त्समनचं काय झालं ते विचारा. ज्यानं टँकोग्राड चालवलं, त्याला १९४९ मध्ये डायरेक्टरपदावरनं काढलं, पक्षातनं काढलं. एका कारखान्यात फोरमन म्हणून काम करत होता."

"फोरमन? मग तरी गिअरबॉक्स उघडून बघायला मिळाला असेल त्याला."

"तुमचं एकच! ऐका, शेवटचं. पुढचा जड गाडा तयार होता, त्याचंही नाव आयएसच ठरलेलं. तेवढ्यात १९५३ च्या मार्चमध्ये स्टॅलिन वारला. गाडा त्याच वर्षी लष्करात आला, पण कागदावर नाव नुसतं टी-१०."

"आकडाच बरा. आकड्याला कुणी खुर्चीवरनं काढत नाही. पण बाई, त्याचा गिअरबॉक्स कुणी केला, ते नाही सांगितलंत."