दहा-अकराचा पाना

मुंबईतल्या एका गॅरेजचा मेकॅनिक माझ्या फियाटखाली पाठीवर सरकला, अर्धा मिनिट काही बोलला नाही, आणि मग खालूनच त्यानं विचारलं, "अलिबागसे आया है क्या?"

या वाक्यावर बंदी घाला म्हणून आमच्या तालुक्यातले एक गृहस्थ २०१९ साली थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयानं याचिका फेटाळली, एवढं मनाला लावून घेऊ नका असं सांगितलं. तेव्हा मला न्यायालयाचा राग आला होता. गॅरेजात मात्र तो गेला. कारण मेकॅनिक माझा अपमान करत नव्हता, तो निदान करत होता. डॉक्टर जीभ बघून "तंबाखू खाता का?" विचारतात, त्यातलाच प्रकार. त्यानं चॅसिसला बोट लावलं होतं आणि ते बोट आरपार गेलं होतं.

"घरपे कौन काम करता है इसका?" त्यानं पुढे विचारलं.

"मीच," मी अभिमानानं म्हणालो.

"वाटलंच," तो म्हणाला. एवढं एकच वाक्य त्यानं मराठीत म्हटलं.

गाडी १९८४ ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण घरात आणि गावात फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यात तिचं नाव बदलून दशक उलटलं होतं, तरी आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत तिला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. सासरी नाव बदललेल्या बहिणीला माहेरी कोणी नव्या नावानं हाक मारत नाही, तसंच. या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून गेली, कारण तिथं टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. ज्यांनी आयुष्यभर "मीटर फास्ट आहे" म्हणून तिच्या ड्रायव्हरशी भांडणं केली, त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. इथं नागावात, आंब्याखाली, माझी उभीच आहे. मी शाळेतून निवृत्त झालो, तिला ती सवलत नाही.

निवृत्तीनंतर पहिला महिना मी स्वयंपाकघरात सुधारणा सुचवल्या. दुसऱ्या महिन्यात आमच्या हिनंच मला वाढदिवसाला पान्यांचा सेट दिला आणि अंगणाकडे बोट दाखवलं.

घरी गाडी दुरुस्त करणं हल्ली सोपं झालंय, असं म्हणतात. मोबाइलवर सगळं दिसतं. केरळमधला एक मुलगा मल्याळममध्ये बोलत बोलत वीस मिनिटांत कार्बोरेटर उतरवतो, साफ करतो, चढवतो. भाषा कळत नाही, पण पाना कळतो. फरक एवढाच, की त्याचा बोल्ट फिरतो. तोही समुद्राकाठचाच माणूस, मग त्याचा बोल्ट कसा फिरतो याचा मी पुष्कळ विचार केला. बहुधा चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी तो बोल्ट बदलून ठेवत असावा. आमच्याकडे नट आणि बोल्ट यांच्यात तीन-चार पावसाळ्यांत अद्वैत होतं. मग कोणता जीव आणि कोणता शिव, हे छिन्नी मारल्याशिवाय ठरत नाही. त्यावर फवारायचा तो निळा-पिवळा डबा आहे, डब्ल्यूडी-फॉर्टी. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला, चाळिसाव्या प्रयत्नात त्याचं सूत्र जमलं, आणि ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. क्षेपणास्त्र वाचलं. माझ्या मडगार्डाचा बोल्ट मुंडकं तुटून हातात आला. क्षेपणास्त्र नागावात पार्क करून बघा म्हणावं.

इथली हवाच तशी. खारा वारा येतो, पत्र्यावर मिठाचं अदृश्य पूट बसतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून धरतं. ऊन पडलं, अंगण वाळलं, तरी पत्रा आतून ओलाच. म्हणून गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवावी, असं सगळे जाणकार सांगतात. मी नेमानं, दर रविवारी, पंप लावून धूत असे. आठ वर्षांनी पाहुण्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे का हो?"

आठ वर्षं मी गाडीला दोन्ही बाजूंनी मीठ लावत होतो. एवढ्यात लोणचंसुद्धा मुरलं असतं.

दुसरा पराक्रम दारांचा. मोटारीच्या दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून कारखान्यानंच ती ठेवलेली असतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, गंजून पडली. इतक्या सरळ रेषेत, इतक्या सारख्या अंतरावर गंज कसा लागेल, असा प्रश्न गणित शिकवलेल्या माणसाला पडायला हवा होता. मी चारही दारांची भोकं एम-सीलनं बुजवली. पुढच्या जुलैत दार उघडलं की आत पाणी खळखळायचं, शहाळं हलवल्यासारखं. सप्टेंबरपर्यंत दारांचे तळ गेले. मग जाळी लावून लांबी भरली. लांबी वाळली, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. शपथेवर सांगतो, कारखान्यातून आल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळच्या उजेडात. वीस फुटांवरून.

त्याच कामात माझा दहा-अकराचा पाना हरवला.

ज्यांनी कधी जुन्या गाडीला हात लावलाय, त्यांना याचं दुःख कळेल. आठ-नऊचा हरवत नाही, सोळा-सतराचा तर पायात येतो. हरवतो तो दहा-अकराचा, कारण प्रत्येक गोष्टीला तोच लागतो. मी अंगण खणलं, केळीची आळी उकरली, शेजारच्या मुलांच्या चेहऱ्यावरचे भाव तपासले. शेवटी नवा आणला. तो चार दिवसांत हरवला, पण त्याचं एवढं वाटलं नाही. पहिला वडिलांचा होता.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि त्यातली एक बरोबर गाडीच्या टपावर. पंचनाम्याला आलेल्या मंडळींनी झाडं मोजली, कौलं मोजली. गाडीकडे बघून एकानं सहानुभूतीनं विचारलं, "ही आधीपासूनच अशी होती ना?" मी हो म्हणालो. खोटं बोलणं जमत नाही, आणि टपावरचा खड्डा सोडला तर ते खरंच होतं.

उपाय सांगणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. बंदरावर मी पाहिलं होतं, मच्छीमारांच्या बोटींना पंख्याजवळ जस्ताचा तुकडा ठोकलेला असतो. जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. विज्ञान साधं आहे. आपल्या घरात पाहुणे आले की श्रीखंडाआधी भजी संपतात. मी जस्ताचे चार तुकडे आणून गाडीला खालून ठोकले. वर्ष झालं, जस्त नव्यासारखं लखलखीत, मधला पत्रा गेला. एका बोटवाल्याला तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "मास्तर, जस्त पान्यान रव्हाला पायजे. मंग गारी दर्यान न्यावी लागल."

हा प्रयोग मी केला नाही. तो मुंबई-पुण्याचे पर्यटक दर शनिवार-रविवारी करतातच. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट येते आणि पोटातून मोटारी ओतते. त्यांतल्या काही थेट वाळूत उतरतात. ओहोटीला आत, भरतीला अडकलेल्या. २०२४ च्या अगदी शेवटी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी रुतली होती. जमलेल्यांनी ढकलून पाहिलं, हलेना. शेवटी एक बैलगाडी आली, दोर बांधला, आणि बैलांनी ती ओढून काढली. चित्रफीत देशभर फिरली. लोक हसले. मला त्या बैलांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही. आमच्याकडचे बैल आठवडाभर शेण ओढतात, शनिवारी मोटारी. त्या फेरारीच्या मालकांना माझा निरोप एवढाच होता, की खालून गोड्या पाण्यानं धुवा, आणि विहीर आधी चाखून बघा.

इंधनाचं वेगळंच. पंपावरच्या पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल. घाटावर ऊस होतो, उसाची मळी होते, मळीचं इथेनॉल होतं आणि ते माझ्या गाडीच्या पोटात येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. १९८४ चं रबर या व्यसनाला तयार नव्हतं. पंपाच्या नळ्या सुजल्या, कार्बोरेटरमध्ये पांढरट गाळ. चाळीस वर्षं ती माडांच्या सावलीत उभी राहिली, शेजारी माडी उतरत होती, पण हिनं थेंबाला स्पर्श केला नाही. म्हातारपणी सरकारनं पाजली. कार्लेखिंडीच्या चढावर ती झोकांड्या देते तेव्हा मागचे हॉर्न वाजवतात. मी उतरून इंधन पंपावर ओलं फडकं ठेवतो. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसं.

आणि कागद. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० केली. वय वाढेल तसा माणसाला रेल्वेत सवलत मिळायची, तीही आता बंद आहे, त्यामुळे अन्याय झाला असं म्हणता येत नाही. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा पाटी. तिची मुदत इतक्या वेळा वाढली, की मुंबई-गोवा महामार्गाला जरा बरं वाटलं असेल. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ पासून चाललंय, त्यालाही कोणी सोबती नव्हता. पाटी अखेर बसवली. ॲल्युमिनियमची आहे, लेसरनं अंक कोरलेत, खिळे असे की काढता येणार नाहीत. संपूर्ण गाडीत न गंजणारी ती एकमेव वस्तू. पुढेमागे गाडी पूर्ण झडून जाईल आणि आंब्याखाली दोन पाट्या हवेत तरंगत राहतील, पूर्णपणे कायदेशीर.

या किनाऱ्यावर लोखंडाचं काय होतं हे एकाच संस्थेनं वेळेत ओळखलं, असं मी मुलांना सांगायचो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतल्या सुया भरकटणार होत्या. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली आणि १९०४ साली अलिबागला नोंदी सुरू झाल्या. विजेची ट्राम आली १९०७ ला. म्हणजे सरकारी काम वेळेच्या तीन वर्षं आधी झालं. हे वाक्य मी वर्गात दोनदा म्हणायचो, मुलांना ऐकू आलं नसेल तर. त्या इमारतींत लोखंडच वापरलेलं नाही. पारखून घेतलेला दगड, लाकूड, पितळ आणि तांबं. कारण अर्थात गंज नव्हे, पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं होतं. पण सव्वाशे वर्षं होत आली, इमारती उभ्या आहेत. खिळासुद्धा लोखंडाचा नसलेली वास्तू आणि माझी फियाट यांच्यात एवढं साम्य निघेल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

ते निघालं गेल्या महिन्यात. आमच्या हिनं मला न विचारता भंगारवाल्याला बोलावलं. हिशोब तिनं आधीच केला होता: गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, भाव किलोवर, पैशांत नवा फ्रिज. भंगारवाला पोरगेलासा, पण कामाला चोख. त्यानं खिशातून दोरीला बांधलेलं चुंबक काढलं आणि मागच्या मडगार्डाला लावलं. घसरून खाली. दाराला लावलं. घसरून खाली. टपाला लावलं, पायरीला लावलं. बॉनेटखाली इंजिनाला नक्की चिकटलं असतं, पण बॉनेटची केबल गेल्या दिवाळीत तुटलीय आणि ते उघडत नाही.

"काका," तो म्हणाला, "ही गाडी नाही. ही लांबी आहे."

"लांबीचा भाव काय?" हिनं विचारलं.

"लांबी टाकायला मी पैसे घेतो, काकू."

ती आत निघून गेली. मला मात्र अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. साऱ्या रायगड जिल्ह्यात वेधशाळेच्या फाटकाशी उभी केली तरी आतली सुई हलणार नाही अशी मोटार एकच असेल, आणि ती मी घरी बनवली होती. हे त्याला सांगणार एवढ्यात, जाता जाता त्यानं डाव्या पुढच्या दारावरून सहज चुंबक फिरवलं. तळाशी, अगदी कोपऱ्यात, ते थबकलं. आतून टक् असा आवाज आला.

त्यानं चुंबक वर सरकवलं. आतलं काहीतरी सोबत वर सरकलं. खाली आणलं, खाली आलं.

"आत काय आहे हो?" तो म्हणाला.

मी छिन्नी आणायला पळालो.